नाशिकला कॉलेजला येताय? वर्गाबाहेरचा अभ्यास कसा करायचा, एकेक पायरी

जूनमध्ये नाशिकच्या निमाणी बस स्टँडवर नवीन पोरंपोरी लगेच ओळखू येतात. पाठीला नवी सॅक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ओरिजनल मार्कशीट, आणि सोबत काका नाहीतर मोठा भाऊ. २०१९ ला मी पण अशीच उतरले होते, वणीकडच्या गावातून, सोबत नाना होते, म्हणजे वडील, आणि नानांनी कॉलेज आतून कधी बघितलेलंच नव्हतं, आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. बीएस्सी केमिस्ट्री केलं, आता इथंच अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये काम करते. कामावर केमिस्ट्री लागतेच, पण त्याहून जास्त वेळा लागतं ते विचारणं. न घाबरता, नीट शब्दांत, ज्याला माहितीये त्यालाच जाऊन विचारणं. हे मला घरात येत नव्हतं, शाळेत पण नाही, कॉलेजच्या तीन वर्षांत आलं आणि ते पण ठेचा खाऊन.

माझी चुलतबहीण यंदा येतेय. तिला फोनवर तुकड्या-तुकड्यानं सांगत होते, मग म्हटलं एकदा सगळं सलग लिहूनच काढते, अजून कुणाच्या कामाला येईल.

पायरी १: तुमची फाईल तुमच्याच हातात

ॲडमिशनच्या आधी एक साधी बॉक्स फाईल घ्या. दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाईल, जातीचा दाखला लागू असेल तर तो, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, पासबुकची झेरॉक्स, दहा-बारा फोटो. प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स, आणि मोबाईलमध्ये स्कॅन करून वेगळा फोल्डर. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली की नवा लागतो, तो तुमच्या तालुक्याच्या तहसीलमधून निघतो, त्याला तलाठ्याकडचा कागद लागतो, आणि जून-जुलैत सेतूमध्ये एवढी गर्दी असते की दोन-दोन आठवडे जातात. म्हणून बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच अर्ज टाका.

फाईल दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका, हे मी का म्हणते ते ऐका. माझा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी वेबसाईटवरचा, स्कॉलरशिपचा फॉर्म गावातल्या एका दादानं भरला होता, मनानं चांगला माणूस, पण मी शेजारी बसून मोबाईल बघत होते आणि काय भरलं ते एकदाही वाचलं नाही. सहा महिने पैसे आले नाहीत. मैत्रिणींचे आले, माझे नाही. मला वाटलं फॉर्म रिजेक्ट झाला असेल आणि मी गप्प बसले, नानांना पण सांगितलं नाही कारण त्या वर्षी टोमॅटोला भाव नव्हता. शेवटी रूममेटनं जबरदस्ती ऑफिसला नेलं. तिथं कळलं की पैसे कधीच पडलेत, पण आठवीत असताना शाळेनं उघडून दिलेल्या जुन्या खात्यात, कारण माझं आधार अजून त्याच खात्याला लिंक होतं आणि सरकारी पैसे आधार ज्या खात्याला जोडलंय तिथंच जातात, फॉर्मवर पासबुक कुठलंही लावा. ते खातं वापर नाही म्हणून बंद पडलेलं. ते चालू करायला गावच्या बँकेत तीन चकरा. एवढ्याशा गोष्टीसाठी मी सहा महिने एक वेळ जेवून काढले होते, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

तर तुम्ही काय करायचं, फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारायचा, "माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या खात्याला लिंक आहे?" एवढंच. आणि फॉर्म स्वतः भरा, सायबर कॅफेवाल्याच्या शेजारी बसून भरला तरी चालेल पण प्रत्येक पान वाचा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या वर्षी रिन्यूअल आपलं आपणच करायचंय. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, अशा बऱ्याच योजना आहेत, आणि २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी माफ आहे. आपण कशात बसतो ते कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात विचारा, तिथला माणूस आपणहून येऊन सांगणार नाही.

पायरी २: खिडकीसमोर उभं राहायला शिका

ऑफिसची खिडकी. आत एक मॅडम किंवा सर, बाहेर चाळीस जणांची लाईन, आणि आपला नंबर आला की आपल्याला नेमकं काय पाहिजे तेच आठवत नाही. पहिल्या महिन्यात मी बोनाफाईडसाठी, म्हणजे ह्या कॉलेजात शिकते असा दाखला, दोनदा लाईनीत उभी राहून नंबर आल्यावर परत फिरले, बोलताच आलं नाही. एसटीच्या सवलतीच्या पाससाठी ते पाहिजे होतं, तोवर पूर्ण तिकीट काढून येत होते.

त्यावर मी एक उपाय केला, तो अजून नोकरीत पण करते. लाईनीत उभं राहायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहायच्या. मी कोण (नाव, वर्ग, रोल नंबर), मला काय पाहिजे, कधीपर्यंत पाहिजे. नंबर आला की त्या तीन ओळी बोलायच्या. समोरचा "नंतर या" म्हणाला तर रागवायचं नाही आणि मान खाली घालून निघायचं पण नाही, विचारायचं, "सर, नंतर म्हणजे कधी येऊ? आणि अजून कुठला कागद आणायचा राहिलाय का?" ह्या दोन प्रश्नांनी माझे निम्मे हेलपाटे वाचले. आणि ज्यानं काम केलं त्याचं नाव माहिती करून घ्या, पुढच्या वेळी नावानं नमस्कार करा, खिडकीच्या आतला माणूस पण सकाळपासून चारशे तोंडं बघून दमलेला असतो.

अर्ज लिहायला पण इथंच शिकाल. मराठीत लिहा, स्वच्छ लिहा, तारीख टाका, आणि एक प्रत शिक्का मारून स्वतःकडे ठेवा, त्याला पोच म्हणतात. नानांचं वीजबिल चुकून जास्त आलं तेव्हा मीच अर्ज लिहिला आणि पोच घेतली, आता आमच्या गल्लीतले लोक अर्ज लिहायला माझ्याकडे येतात.

पायरी ३: पहिल्या टेस्टला आपटलात तर लपू नका

अकरावी-बारावीला आमची पुस्तकं इंग्लिशमध्येच होती पण सर सगळं मराठीत समजावायचे. इथं पहिल्या दिवसापासून लेक्चर इंग्लिशमध्ये आणि फास्ट. पहिल्या इंटर्नल टेस्टला फिजिक्समध्ये पंधरापैकी चार मार्क. बारावीत मी तालुक्याच्या कॉलेजात दुसरी आलेली. तो पेपर मी कुणाला दाखवला नाही, आठवडाभर त्या सरांच्या लेक्चरला पण गेले नाही, गंगापूर रोडच्या एका बागेत डबा घेऊन बसायचे आणि रडायचे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं हे होणार, म्हणून आधीच सांगते, लेक्चर बुडवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे, एक तर ७५ टक्के हजेरी लागते आणि दुसरं म्हणजे जे कळलं नाही त्याच्या वर अजून न कळलेलं चढत जातं.

मी शेवटी सरांकडे गेले ते लेक्चर संपल्यावर, वर्ग रिकामा झाल्यावर. म्हटलं सर मला समजत नाही. त्यांनी विचारलं काय समजत नाही? मी म्हटलं सगळंच. ते म्हणाले सगळंच असं काही नसतं, उद्या येताना एक गोष्ट घेऊन ये जी समजली नाही. घरी जाऊन वही उघडली आणि ती एक गोष्ट शोधायला बसले तर कळलं की विषय बराचसा समजतोय, शब्द समजत नाहीयेत. मग रोज पाच शब्द, वहीच्या कडेला मराठी अर्थ, आणि लायब्ररीत आम्ही चौघी एकमेकींना मराठीतून शिकवायचो आणि इंग्लिशमधून लिहायचो. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली.

म्हणून विचारायला जाताना "काहीच कळत नाही" म्हणून जाऊ नका, वही घेऊन जा, पान दाखवा, ओळ दाखवा, इथपर्यंत कळलं आणि इथून पुढं नाही असं सांगा. असं विचारल्यावर मला एकाही शिक्षकांनी हाकललं नाही.

आणि निकालात मार्क अगदीच अनपेक्षित वाटले तर विद्यापीठाकडून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते, रिव्हॅल्युएशनला टाकता येतं, त्याची मुदत थोडे दिवस असते, नोटीस बोर्ड बघत राहा. मार्क वाढोत न वाढोत, आपली चूक आपल्या डोळ्यांनी बघायला मिळते.

पायरी ४: खरं रीडिंग लिहा

सायन्सवाल्यांसाठी हे आहे, पण आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी पण वाचा.

टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड, वर ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साईड, गुलाबी रंग आला की थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. सगळ्यांचं रीडिंग ९.८ च्या आसपास येत होतं, माझं तिन्ही वेळा १०.४ आलं. मी घाबरले, शेजारणीच्या वहीत बघितलं, आणि खोडरबरनं खोडून ९.८ लिहिलं. मॅडम फिरत आल्या, त्यांना वहीवरचा खोडलेला डाग दिसला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझं खरं रीडिंग काय होतं?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, "१०.४ का आलं असेल?" मला काय माहीत. त्यांनी मला बाटली बघायला लावली. माझ्या टेबलावरच्या बाटलीचं बूच नीट बसत नव्हतं, आणि सोडियम हायड्रॉक्साईड हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून घेतं आणि हळूहळू त्याची ताकद कमी होते, म्हणून तेवढ्याच ॲसिडला ते जास्त लागत होतं. म्हणजे माझं रीडिंग बरोबर होतं! बाटली खराब होती, आणि ते सांगणारी एकच गोष्ट वर्गात होती, माझा १०.४ हा आकडा, आणि तोच मी खोडून टाकला होता.

आज कंपनीत कच्च्या नोंदींमध्ये खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी नवीन आकडा, सही, तारीख. नवीन मुलं येतात त्यांना ह्याचं खूप जड जातं, आकडा वेगळा आला की पहिली इच्छा होते लपवायची. मला त्या दिवसापासून जड जात नाही. कॉमर्सच्या मुलांनी हेच हिशोबाच्या वहीबद्दल समजा, आर्ट्सच्या मुलांनी दुसऱ्याचं असाइनमेंट किंवा नेटवरचं जसंच्या तसं उतरवण्याबद्दल. आकडा वेगळा आला, मत वेगळं आलं, तर आधी लिहा आणि मग कुणालातरी विचारा की असं का आलं.

पायरी ५: चार जणांत राहणं

पहिले चार महिने मी एसटीनं अप-डाऊन केलं, चाळीसेक किलोमीटर, सकाळी सहाची गाडी. मग आम्ही चौघींनी रूम घेतली. एक सुरगाण्याची, घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी, एक सटाण्याची, तिची आई फोनवर अहिराणीत बोलायची तेव्हा मला निम्मं कळायचं नाही, आणि एक मालेगावची, दहावीपर्यंत उर्दू मीडियममध्ये शिकलेली. आणि मी. गावात आपण सगळे जवळपास सारखेच असतो हो, इथं आल्यावर कळतं की आपण ज्याला "सगळेच असं करतात" म्हणत होतो ते फक्त आपल्या गल्लीत करतात.

सुरगाणेवाली नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी आणायची, पहिल्यांदा मी नाक मुरडलं होतं, त्याची मला अजून लाज वाटते, तिनं ते बघितलं होतं. पुढं तिच्या घरी गेले, तिच्या आईनं चुलीवरची गरम भाकरी आणि उडदाची आमटी वाढली, त्यानंतर माझं तोंड कायमचं बंद झालं. मालेगाववालीचे रोजे असायचे तेव्हा ती पहाटे उठायची, आम्ही आधी कुरकुर केली, मग ठरवलं की तेव्हाच उठून अभ्यास करायचा. भांडणं पण भरपूर. गॅस कुणी संपवला, बाथरूममध्ये कोण किती वेळ, आणि सगळ्यात मोठं म्हणजे पैसे.

म्हणून रूम घेतल्या घेतल्या पहिल्याच दिवशी एक वही दाराला टांगा. भाडं, लाईट, सिलेंडर, भाजी, कुणी किती दिले. महिन्याच्या एक तारखेला दहा मिनिटं बसून हिशोब मिटवायचा, दोस्तीत हिशोब कशाला असं म्हणाल तर दोस्ती आणि पैसे दोन्ही जातात. आणि राग आला तर तोंडावर सांगायचं, दोघींनीच, तिसरीला नाही आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर तर अजिबात नाही. मेस लावणार असाल तर आठवडाभर रोजच्या पैशांवर जेवून बघा आणि मगच महिन्याचे ॲडव्हान्स द्या, आणि मेसच्या मावशींशी दोन शब्द बोलत जा, आजारी पडल्यावर मऊ भात कोण करून देणार?

घरची आठवण येते. रात्री येते, विशेषतः रविवारी. ते सहन करायची गोष्ट नाही, बोलायची आहे. खूपच अंधारून आलं, झोप नाही, जेवण नाही असं झालं तर १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

रॅगिंगबद्दल एवढंच, की ती मस्ती नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाईन आहे, आणि कुणी त्रास देत असेल तर त्याच दिवशी सांगायचं.

पायरी ६: एक तरी गोष्ट अशी करा ज्याचे मार्क नाहीत

मी एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचा कॅम्प. आमचा कॅम्प त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर होता, तिथं पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो पण डोंगरउतारावरून सगळं वाहून जातं आणि मार्चमध्ये बायका हंडा घेऊन लांब जातात. आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. पहिल्या दिवशी आम्ही शहाण्यासारखी एक जागा ठरवली होती, तर तिथली एक आजी म्हणाली, "तिथं नको गं, तिथून पाणी खालून झिरपतं." आमच्यातल्या एकानं तरी आधी तिला विचारायला पाहिजे होतं. जागा बदलली, तिसऱ्या दिवशी पाणी तुंबलं. रात्री गावकऱ्यांसमोर मला बोलायला उभं केलं, आयुष्यातलं पहिलं भाषण, चार मिनिटं, आवाज थरथरत होता. नोकरीच्या इंटरव्ह्यूला हाच प्रसंग सांगितला.

एनसीसी असेल, नाटक असेल, वक्तृत्व, खेळ, काहीही घ्या. वाचायची आवड असेल तर आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, सावाना, १८४० पासूनचं आहे, मेंबर व्हा. आणि २७ फेब्रुवारीला तात्यासाहेबांच्या म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी शहरात ठिकठिकाणी कार्यक्रम असतात, जाऊन बसा. नवीन शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह म्हणून आपल्या शाखेबाहेरचा विषय घ्यावा लागतो, तो "सोपा कुठला" असं बघून घेऊ नका, मनापासून उत्सुकता असलेला घ्या. आणि १८ पूर्ण झाले की फॉर्म ६ भरून मतदार यादीत नाव घाला, ते पण राहून जातं.

पायरी ७: कुणी बघत नसताना अभ्यास

मार्च २०२० ला कॉलेज बंद झालं आणि आमची बॅच गावी गेली. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर यायचं, मी छत्री घेऊन तिथं बसून लेक्चर करायचे, खाली नाना द्राक्षाच्या बागेत. हजेरीला कॅमेरा बंद ठेवून झोपणं सोपं होतं आणि बरेच जण तेच करत होते. मी पण काही दिवस केलं. मग जुलैत नानांनी एकदा विचारलं, आज काय शिकवलं गं? आणि मला सांगता येईना. तेव्हापासून रोज रात्री नानांना पाच मिनिटं मराठीत सांगायचं ठरवलं, दिवसभरात काय शिकले ते. औषध फवारताना पाण्याचा पीएच का बघायचा हे त्यांना मी तेव्हाच सांगितलं, अजून ते तपासतात. तुम्ही पण घरी फोन केला की जेवलीस का-जेवले एवढंच बोलून ठेवू नका, आज काय शिकलो ते सांगा. ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांना ऐकायला आवडतं, आणि सांगता आलं नाही तर आपल्यालाच कळतं की आपण शिकलो नाही.

ज्यांना रोज कॉलेजला येणं जमतच नाही, घरची शेती आहे, नोकरी आहे, त्यांच्यासाठी आपल्याच नाशिकला १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. आमच्या कंपनीतला एक मशीन ऑपरेटर शिफ्ट करून तिथून बीए करतोय, आणि जेवणाच्या सुट्टीत पुस्तक काढून बसतो.

पायरी ८: जाताना

शेवटच्या वर्षात मे-जूनची वाट बघू नका. लायब्ररीचं नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, घ्या, डिपॉझिट परत मिळतं का ते विचारा, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट हातात आहेत का आणि त्यावर नाव आधारसारखंच आहे का ते तपासा, स्पेलिंग चुकलं असेल तर कॉलेज सोडायच्या आधी दुरुस्तीचा अर्ज द्या. डिग्री सर्टिफिकेट आपोआप घरी येत नाही, विद्यापीठाकडे वेगळा अर्ज भरावा लागतो. दोन शिक्षकांना विचारून ठेवा की नोकरीच्या फॉर्मवर तुमचं नाव रेफरन्स म्हणून देऊ का, न विचारता देऊ नका. आणि टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, घेतली की तिच्या तीन-चार रंगीत झेरॉक्स आधी काढा, कारण मूळ टीसी पुढच्या कॉलेजात एकदा जमा झाली की ती परत हातात येत नाही.